जुन्या कॉम्प्युटरवर अपडेट करावं की नाही?

आज बचत, कर्ज आणि परतफेड हे आपले नेहमीचे विषय जरा बाजूला ठेवू. आज बोलायचंय ते ग्रामसंघाच्या कार्यालयात टेबलावर बसलेल्या त्या जुन्या कॉम्प्युटरबद्दल. त्याच्यावर कुणी टॉवेल झाकून ठेवलेला असतो, कुणी दसऱ्याला हार घातलेला असतो. संध्याकाळी तो बंद करायला गेलं की तो विचारतो, ‘अपडेट करून बंद करू का?’ आणि आपला हात तिथंच थांबतो.

आम्ही समन्वयक म्हणून गावोगाव फिरतो, तेव्हा लेखापालताई हाच प्रश्न विचारतात. एक म्हणते, “ताई, दाबलं आणि बंद पडला तर?” दुसरी म्हणते, “वर्षभर दाबलंच नाही, काही बिघडलं नाही.” दोघींचंही थोडं खरं आहे. दोन्ही बाजूंनी ठेच आम्हीही खाल्ली आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

आमच्या ग्रामसंघाचा कॉम्प्युटर २०१४ सालचा. घेतला तेव्हा त्यात विंडोज सात होती, पुढे दुरुस्तीवाल्या दादांनी विंडोज दहा घातली. बावीस गटांचे हिशेब, कर्जाच्या याद्या, ठरावांच्या प्रती, सभासदांच्या आधार कार्डांचे आणि पासबुकांचे स्कॅन, सगळं त्यात. काही वर्षांपूर्वी पेरणीच्या तोंडावर बँकेत कर्जाचे प्रस्ताव द्यायचे होते. आदल्या संध्याकाळी काम संपलं, पडद्यावर अपडेटचा निरोप आला, आम्ही ‘हो’ म्हटलं आणि घरी गेलो. रात्री वारा सुटला, लाईट गेली. सकाळी बघतो तर कॉम्प्युटर चालू व्हायचा, गोल गोल फिरायचा आणि परत बंद व्हायचा.

दुरुस्तीला नेला. तिथं विंडोज नव्याने टाकली गेली आणि डेस्कटॉपवर ठेवलेल्या फायली त्यात पुसल्या गेल्या. आठ महिन्यांच्या नोंदी गेल्या. दुसरीकडे प्रत नव्हती. बावीस गटांची रजिस्टरं गोळा करून, रात्री जागून, आम्ही सगळं पुन्हा भरलं. त्यात नऊ दिवस गेले. बँकेची तारीख हुकली. ज्या बायकांना बियाण्याला पैसे हवे होते, त्यांतल्या तिघींनी बाहेरून जादा व्याजानं उचलले. ते व्याज त्यांनी दिवाळीपर्यंत फेडलं. एका बटणाची आणि न ठेवलेल्या एका प्रतीची ही किंमत.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. आम्ही दुरुस्तीवाल्यांना सांगून अपडेटच बंद करून टाकली. दीड वर्ष कसलाही निरोप आला नाही. आम्हाला वाटलं, सुटलो. मग एके दिवशी बँकेतल्या साहेबांचा फोन आला, “ताई, तुमच्या ईमेलवरून आम्हाला ही कसली फाईल आली?” आमच्या ईमेलवरून ओळखीच्या सगळ्यांना एक विचित्र फाईल जात होती. तपासलं तर कॉम्प्युटरमध्ये एक नको तो प्रोग्रॅम येऊन बसला होता. तो नेमका कुठून शिरला, हे कुणालाच सांगता आलं नाही. पण दीड वर्षाची दुरुस्ती राहिली होती आणि अँटीव्हायरसची मुदतही संपली होती. दार उघडं टाकून चोर कुठल्या फटीतून आला हे विचारण्यासारखंच ते होतं.

त्या महिन्याच्या बैठकीत आम्ही हे सगळं सभासदांना सांगितलं. लपवलं नाही. तेव्हा सत्तरीच्या एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, “बाई, माझं पासबुक मी ट्रंकेत कुलूप लावून ठेवते. त्याचा फोटो तुमच्या पेटीत आहे. तुमच्या पेटीला कुलूप आहे का?”

त्या प्रश्नामुळे आम्ही हा विषय नीट शिकायला बसलो. जे कळलं ते आज सांगतो.

अपडेट म्हणजे काय?

कौलारू घर असलेल्यांना हे लगेच कळेल. पावसाळ्याच्या आधी आपण घर शाकारतो. फुटलेली कौलं काढतो, सरकलेली नीट बसवतो. घर तेच असतं, फक्त गळती बंद होते. कॉम्प्युटर ज्यावर चालतो तो विंडोजसारखा मूळ प्रोग्रॅम माणसांनीच लिहिलेला असतो. त्यात चुका राहतात. त्यातल्या काही चुका म्हणजे बाहेरच्याला आत शिरायला वाट. कंपनीला त्या सापडल्या की ती दुरुस्ती पाठवते. तीच अपडेट.

आता यातली मेख ऐका. दुरुस्ती आली की भोक कुठं होतं हे चोरालाही कळतं. ज्यांनी दुरुस्ती केली ते वाचतात, ज्यांनी केली नाही त्यांचं घर चोराला ठाऊक झालेलं असतं.

याचं मोठं उदाहरण २०१७ सालचं आहे. विंडोजमधल्या एका भोकाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं १४ मार्च २०१७ रोजी दिली. सुमारे दोन महिन्यांनी, १२ मे रोजी, ‘वॉनाक्राय’ नावाचा विषाणू त्याच भोकातून जगभर पसरला. दीडशेच्या वर देशांतल्या कॉम्प्युटरांत तो शिरला. फायलींना तो आपलं कुलूप लावायचा आणि किल्लीसाठी तीनशे डॉलर मागायचा. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांत ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. दुरुस्ती दोन महिने आधीपासून फुकट मिळत होती. ज्यांनी ती केली होती, त्यांच्या कॉम्प्युटरात त्याला त्या वाटेनं शिरता आलं नाही.

मग अपडेटची भीती खोटी का? तीही खोटी नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज दहाची एक मोठी अपडेट आली, तिनं काही लोकांच्या स्वतःच्या फायली पुसून टाकल्या. कंपनीला ती काही दिवसांत थांबवावी लागली आणि दुरुस्त करून पुढच्या महिन्यात पुन्हा द्यावी लागली. जुलै २०२४ मध्ये तर क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटमुळे जगातले सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बसले. आपल्या देशातल्या विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. म्हणजे मोठमोठ्या कंपन्यांचीही चूक होते.

म्हणून ‘नेहमी दाबा’ असं आम्ही सांगणार नाही आणि ‘कधीच दाबू नका’ असंही सांगणार नाही. निरोप आला की आधी बघायचं, ही अपडेट कसली आहे.

चार प्रकार ओळखा

पहिला प्रकार, दर महिन्याची सुरक्षेची दुरुस्ती. मायक्रोसॉफ्ट ती महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देते. तिकडचा मंगळवार म्हणजे आपल्याकडे मंगळवारची रात्र, म्हणून आपल्याला ती बहुधा बुधवारी दिसते. आठवडी बाजारासारखा हा दिवस ठरलेला आहे. तिच्या नावात ‘सिक्युरिटी’ किंवा ‘क्युम्युलेटिव्ह’ असा शब्द असतो. इंटरनेटला जोडलेल्या कॉम्प्युटरवर ही करायचीच. टाळायची नाही. फार तर चार-आठ दिवस थांबा, म्हणजे तिच्यात काही खोट असेल तर तेवढ्यात बोभाटा होतो. पण एखाद्या भोकातून हल्ले सुरू झाल्याची बातमी आली, तर थांबू नका.

दुसरा प्रकार, नवी आवृत्ती. हिला ‘फीचर अपडेट’ म्हणतात. ही म्हणजे शाकारणी नाही, घराची एक भिंत पाडून नवी बांधणं आहे. ती कित्येक जीबीची असते, तासन्‌तास चालते आणि जुन्या कॉम्प्युटरवर गडबड झाली तर बहुधा इथंच होते. ही लगेच करायची गरज नसते. पण कायमची टाळताही येत नाही, कारण प्रत्येक आवृत्तीची मुदत ठरलेली असते. ती संपली की महिन्याची दुरुस्ती यायची थांबते. तेव्हा मुदत बघा, सवडीचा दिवस निवडा आणि डिस्कवर पुरेशी जागा मोकळी करूनच हात घाला.

तिसरा प्रकार, ड्रायव्हर आणि बायोस. ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर, स्कॅनर, आवाज यांचं कॉम्प्युटरशी बोलणं जुळवून देणारा छोटा प्रोग्रॅम. ‘ऑप्शनल अपडेट्स’ या नावाखाली हे दिसतात. जुना प्रिंटर नीट चालत असेल तर उगाच हात लावू नका. बायोस म्हणजे कॉम्प्युटर चालू होताना सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्रॅम. त्याची अपडेट चालू असताना लाईट गेली तर कॉम्प्युटर पुन्हा उठेलच असं नाही. जाणत्या माणसानं नेमकं कारण सांगितलं तरच ती करायची, आणि तीही बॅटरीचा आधार असताना.

चौथा प्रकार, आपण वापरतो ते प्रोग्रॅम. इंटरनेट बघायचा ब्राउझर आणि अँटीव्हायरस कायम ताजे ठेवा, कारण बाहेरच्या जगाशी रोजची गाठ त्यांचीच. हिशेबाचा आणि मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम मात्र विकणाऱ्याला विचारूनच बदला. मार्चमध्ये तर अजिबात नको. ३१ मार्चचे हिशेब मिटू देत, ताळेबंद छापून सह्या होऊ देत, मग बघू.

मराठी टायपिंगबद्दल जरा जास्त सांगतो, कारण यात बऱ्याच जणी फसल्या आहेत. आपले जुने ठराव आणि अर्ज जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात. कॉम्प्युटर बदलला किंवा विंडोज नव्यानं टाकली आणि तो फॉन्ट पुन्हा बसवला नाही, तर ‘ठराव क्रमांक’ असं लिहिलेल्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा काला दिसतो. घाबरू नका, मजकूर गेलेला नसतो, फॉन्ट गेलेला असतो. पण आधीच शहाणपण केलेलं बरं. जुन्या महत्त्वाच्या फायलींची पीडीएफ करून ठेवा आणि यापुढचं सगळं लिखाण युनिकोडमध्ये करा. मोबाईलवर आपण जे मराठी लिहितो ते युनिकोडच असतं, ते कुठल्याही नव्या कॉम्प्युटरवर तसंच दिसतं.

स्वतःला तीन प्रश्न विचारा

अपडेट कसली हे कळलं. आता तुमच्या कॉम्प्युटरकडे बघा आणि तीन प्रश्न विचारा.

पहिला, हा कॉम्प्युटर इंटरनेटला जोडलेला आहे का? वायफाय, मोबाईलचा हॉटस्पॉट, काहीही असो. नुसतं टाइप करून छापण्यासाठी असेल, इंटरनेट आणि बाहेरचे पेन ड्राइव्ह त्याला लागत नसतील, तर धोका बराच कमी. पण पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आला असेल, तर तोही पाहुणाच समजा. आधी तपासा, मग घरात घ्या.

दुसरा, यात कुणाची माहिती आहे? फक्त हळदी-कुंकवाचे फोटो असतील तर गोष्ट वेगळी. अडीचशे बायकांचे आधार आणि खाते क्रमांक असतील तर ती ठेव आहे. दुसऱ्याच्या ठेवीबद्दल आपण एकट्यानं ‘चालतंय ना, राहू दे’ असं म्हणू शकत नाही.

तिसरा, हा उद्या बंद पडला तर कुणाचं काय अडेल? बँकेची तारीख, लेखापरीक्षण, वार्षिक सभा. जे अडणार असेल त्याच्या आदल्या दिवशी कुठलीही अपडेट करायची नाही. आम्ही आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं दोन खुणा करतो. बँकेच्या तारखांना फुली, आणि महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी गोल. गोल म्हणजे अपडेटचा दिवस.

आधी प्रत, मग अपडेट

मैत्रिणींनो, आजच्या बोलण्यातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. आधी प्रत, मग अपडेट. बैल गेला आणि झोपा केला असं आमचं झालं, तुमचं होऊ नये.

प्रती किती ठेवायच्या? जाणकार सांगतात, एकूण तीन. एक कॉम्प्युटरमध्ये आणि दोन बाहेर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. आम्ही एक छोटी हार्ड डिस्क आणि एक पेन ड्राइव्ह घेतला. हार्ड डिस्क कार्यालयाच्या कपाटात, पेन ड्राइव्ह अध्यक्षताईंच्या घरी कुलपात. गटाची पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे ही आपली जुनीच रीत, तीच इथं लावली.

यात तीन गोष्टी सांभाळा. प्रत घेऊन झाली की डिस्क काढून ठेवा, लावून ठेवू नका. कुलूप लावणारे विषाणू जोडलेल्या डिस्कवरच्या फायलीही सोडत नाहीत. दुसरं, महिन्यातून एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्यातली एखादी फाईल उघडून बघा. न उघडणारी प्रत काय कामाची? तिसरं, फायली डेस्कटॉपवर पसरू नका, सगळ्या एकाच फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे प्रत घेताना काही सुटत नाही.

आणि कागद सोडू नका. पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र नियमित लेखे ठेवण्याचं. आम्हाला त्या वेळी तारलं ते गटांच्या हातानं लिहिलेल्या रजिस्टरांनी. आजही दर महिन्याला आम्ही खतावणी छापतो, सह्या घेतो आणि फाईलला लावतो.

करायची तेव्हा कशी करायची?

सकाळी करा. संध्याकाळी करून घरी जाऊ नका. भारनियमनाची वेळ बघा. टेबलावरच्या कॉम्प्युटरला यूपीएस असेल तर त्याची बॅटरी किती वेळ टिकते ते आधी बघून ठेवा, जुन्या बॅटऱ्या पाच मिनिटंही टिकत नाहीत. लॅपटॉप असेल तर पूर्ण चार्ज करून, चार्जर लावूनच ठेवा. ‘कॉम्प्युटर बंद करू नका’ असं पडद्यावर असेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. जुन्या मशीनला तासभरही लागू शकतो. तेवढ्यात परसबागेतली भाजी निवडून घ्या, पण लक्ष असू द्या.

इंटरनेट मोबाईलचं असेल तर दिवसाचा डेटा अपडेटमध्येच संपतो. त्यासाठी नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा, म्हणजे कॉम्प्युटर न विचारता फार काही उतरवून घेत नाही. मग अपडेटच्या दिवशी ते बंद करायचं आणि काम झालं की पुन्हा चालू करायचं.

विंडोज दहामध्ये सेटिंग्ज, मग अपडेट अँड सिक्युरिटी, असं गेलात की विंडोज अपडेटचं पान दिसतं. तिथं ‘पॉज’ म्हणजे थोडे दिवस थांबवायची सोय आहे, जास्तीत जास्त ३५ दिवस. ‘ॲक्टिव्ह अवर्स’मध्ये आपल्या कामाची वेळ भरली की त्या वेळेत कॉम्प्युटर आपणहून बंद होऊन चालू होत नाही. अपडेटनंतर काही बिघडलं तर त्याच पानावर ‘अपडेट हिस्टरी’मध्ये नुकतीच केलेली अपडेट काढून टाकायची सोय असते. नवी आवृत्ती घातली असेल तर साधारण दहा दिवसांपर्यंत जुन्यावर परत जाता येतं. म्हणून अपडेट झाल्याबरोबर प्रिंटर, स्कॅनर, मराठी टायपिंग आणि हिशेबाचा प्रोग्रॅम, चारही चालवून बघा. महिन्यानं बघितलंत तर परतीची वाट बंद झालेली असेल.

आणखी एक सावधगिरी. इंटरनेट बघताना मध्येच ‘तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, ताबडतोब अपडेट करा, या नंबरवर फोन करा’ असं मोठ्या अक्षरांत, भोंग्यासकट येतं. ते खोटं असतं. खरी अपडेट फोन करायला सांगत नाही आणि पैसेही मागत नाही. खिडकी बंद करा, होत नसेल तर कॉम्प्युटरच बंद करा. कुणी फसलंच आणि पैसे गेले, तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.

अपडेटच येत नसतील तर?

आता सगळ्यात अवघड गोष्ट. कॉम्प्युटर जुना झाला की एक दिवस कंपनीच दुरुस्ती पाठवणं थांबवते. विंडोज सातची दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. तिच्यावर चालणारी क्रोम ब्राउझरची नवी आवृत्तीही २०२३ पासून येत नाही. विंडोज दहाची नेहमीची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्या दिवशी कॉम्प्युटर बंद पडत नाही, नेहमीसारखा चालतो. त्यामुळेच फसायला होतं. निरोप येत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं नाही. शाकारणारा गडी यायचा बंद झाला आहे.

तुमची विंडोज कोणती ते बघायचं असेल, तर कीबोर्डवरचं विंडोजची खूण असलेलं बटण दाबून धरा आणि आर दाबा. छोटी चौकट येईल, तिच्यात डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही अक्षरं टाइप करून एंटर करा. नाव आणि आवृत्ती समोर दिसेल.

विंडोज दहा असेल तर पुढे चार वाटा आहेत.

एक वाट, मुदतवाढ. घरगुती वापराच्या कॉम्प्युटरला नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची दुरुस्ती मिळते. मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन करून आपल्या सेटिंग्ज त्या खात्यात जपायला संमती दिली तर त्याला पैसे पडत नाहीत. संस्थांना मात्र ती विकत घ्यावी लागते, दर वर्षी किंमत दुप्पट होते आणि तीन वर्षांपलीकडे मिळत नाही. ही वाट म्हणजे निर्णयाला थोडा वेळ, एवढंच.

दुसरी वाट, विंडोज अकरा. पण ती प्रत्येक मशीनवर बसत नाही. तिला चार जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा तर लागतेच, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप आणि ठरलेल्या यादीतला प्रोसेसर लागतो. २०१८ च्या आधीच्या बहुतेक मशीन या यादीत बसत नाहीत. ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचा मायक्रोसॉफ्टचा फुकट प्रोग्रॅम तुमचं मशीन बसतं की नाही ते सांगतो. कुणी “बसत नाही, तरी मी बसवून देतो” म्हणालं तर जपून. अशा मशीनला पुढे दुरुस्ती मिळत राहील याची हमी कंपनी देत नाही.

तिसरी वाट, लिनक्स. हा विंडोजसारखाच, पण फुकट मिळणारा मूळ प्रोग्रॅम. लिनक्स मिंट जुन्या मशीनवर बरा चालतो, आणि आपल्या सी-डॅकनं तयार केलेला बॉसही आहे. त्यावर ब्राउझर, पत्रं आणि तक्ते करायचा लिबर ऑफिस, युनिकोड मराठी, सगळं चालतं. अडचण अशी, की विंडोजसाठी घेतलेले हिशेबाचे आणि जुन्या फॉन्टचे प्रोग्रॅम त्यावर सहजी चालत नाहीत. म्हणून आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघा, प्रिंटर ओळखतो का बघा, मगच ठरवा.

चौथी वाट, इंटरनेट काढून टाकणं. मशीनला फक्त टाइप करणं, छापणं आणि जुने हिशेब बघणं एवढंच काम द्यायचं. म्हाताऱ्या बैलाला नांगराला जुंपत नाहीत, पण म्हणून लगेच विकतही नाहीत.

आम्ही काय केलं?

आमचं मशीन विंडोज अकराला बसलं नाही. हा प्रश्न आम्ही बैठकीत मांडला, कारण पैसा ग्रामसंघाचा आणि माहिती सभासदांची. चर्चा बरीच झाली. एक ताई म्हणाल्या, “चांगलं चालणारं मशीन बाजूला ठेवून नवीन कशाला? तेवढ्यात दोन शेळ्या येतील.” चूक नव्हतं त्यांचं. आम्ही मशीन मोडीत काढलं नाही. ते आता इंटरनेटशिवाय चालतं, जुने ठराव आणि छपाई त्याच्यावरच होते. बँकेच्या कामासाठी विंडोज अकरावर चालणारा एक वापरलेला लॅपटॉप घेतला. त्याची सुरक्षेची अपडेट तिसऱ्या बुधवारी, प्रत घेऊन मगच होते.

आणखी एक काम केलं, ज्याला एक पैसाही लागला नाही. जुन्या मशीनमधले आधार कार्डांचे स्कॅन तपासले. गट सोडून गेलेल्या, वारलेल्या, काम संपलेल्या कितीतरी बायकांचे कागद त्यात पडून होते. बैठकीत ठराव करून ते पुसले. जे घरात नाहीच, ते चोरीला जाऊ शकत नाही.

येत्या बैठकीत तुम्हीही पाच मिनिटं या विषयाला द्या. आपल्या कॉम्प्युटरवर कोणती विंडोज आहे, शेवटची प्रत कधी घेतली आणि ती कुणाच्या घरी आहे, या तीन गोष्टी इतिवृत्तात लिहा. उत्तर येत नसेल तर तेही लिहा आणि पुढच्या बैठकीपर्यंत कोण शोधून काढणार तिचं नाव टाका.

त्या आजी आता दर दोन-तीन महिन्यांनी विचारतात, “काय गं, कुलूप लावलंय ना?” आम्ही त्यांना डिस्क दाखवतो, कॅलेंडरवरचा गोल दाखवतो. कॉम्प्युटर कसा चालतो हे त्यांना माहीत नाही. पण ठेव कशी सांभाळायची, हे त्यांना आपल्यापेक्षा आधीपासून माहीत आहे.